सुटलेले सांधे : पेम्फिगस, मराठवाडा आणि अठ्ठावीस दिवसांचे गणित

१/ अंगावर पाण्याने भरलेले फोड येतात. ते सहज फुटतात आणि मागे ओली, लालभडक, सोललेली जागा उरते. ती भरून येण्याआधी शेजारी नवा फोड उठतो. या आजाराचे नाव पेम्फिगस. १९५० पूर्वी ज्यांना तो होई, त्यांतील बहुतेकांचा अंत काही महिन्यांत किंवा फार तर काही वर्षांत ठरलेला असे. त्वचेच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे बंध का सुटतात, हे वैद्यकाला कसे उमगले आणि त्या ज्ञानाचा उपयोग नांदेड-लातूरच्या रुग्णापर्यंत कसा पोहोचला, याचा हा धागा.

२/ आधी त्वचेची रचना पाहू. सर्वांत बाहेरच्या थराला बाह्यत्वचा म्हणतात. तिच्यात पेशींचे अनेक थर विटांसारखे रचलेले असतात. दोन पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म बटणांना डेस्मोसोम हे नाव आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मधल्या थरातील पेशींच्या कडेला बारीक काटे दिसतात, म्हणून तो ‘काटेरी थर’. हे काटे म्हणजे शेजारच्या पेशीशी जोडलेले सांधेच होत. हे सांधे सुटले की पेशी एकेकट्या, गोलसर होऊन तरंगू लागतात, मधल्या फटीत द्रव साचतो आणि फोड तयार होतो.

३/ या सुटण्याला वैद्यकीय भाषेत ‘ॲकॅन्थोलायसिस’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘अकान्था’ म्हणजे काटा आणि ‘लायसिस’ म्हणजे सैल होणे, सुटणे. पेम्फिगस हा शब्दही ग्रीकच. त्याच्या मुळाशी बुडबुडा किंवा फोड हा अर्थ आहे. दोन्ही शब्द जे डोळ्यांना दिसले तेवढेच सांगतात. काटे का सुटतात, हे त्या शब्दांत नाही. ते कळण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला.

४/ आपल्याकडे फोडांच्या आजारांचे वर्णन जुने आहे. माधवनिदानात ‘विस्फोट’ या नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र विस्फोट म्हणजेच पेम्फिगस, असे समीकरण मांडणे धाडसाचे ठरेल. फोड आणणारे आजार पुष्कळ आहेत. गावाकडे तर फोड दिसले की पहिला संशय देवीचा, कांजिण्यांचा किंवा नागिणीचा. नागिणीचा विळखा अंगाभोवती पुरा झाला की माणूस वाचत नाही, ही समजूत सर्वश्रुत आहे. नागीण हा विषाणूचा आजार असून तो बहुधा शरीराच्या एकाच बाजूला, एका पट्ट्यात येतो. पेम्फिगसला अशी मर्यादा नसते.

५/ युरोपात सोव्हाज या फ्रेंच वैद्याने १७६० साली ‘पेम्फिगस’ हा शब्द रोगांच्या वर्गीकरणात वापरला. पण त्या काळी ताप येऊन फोड उठणारे बरेच आजार या एकाच नावाखाली मोडत. दीर्घकाळ टिकणाऱ्या, आज ज्याला आपण पेम्फिगस म्हणतो तशा आजाराचे वर्णन हॅनोव्हरच्या योहान विखमन यांनी १७९१ मध्ये केले. १८४४ मध्ये पॅरिसच्या काझनाव्ह यांनी त्याचा वेगळा प्रकार नोंदवला : फोड अगदी उथळ, आणि त्वचा पापुद्र्यांसारखी निघणारी. त्याला पेम्फिगस फोलिएशियस हे नाव मिळाले.

६/ ‘ॲकॅन्थोलायसिस’ हा शब्द व्हिएन्नाच्या हाइनरिश आउस्पिट्झ यांनी १८८१ मध्ये वापरात आणला. पुढे १८९० च्या दशकात कीव्हचे प्योत्र निकोल्स्की यांनी एक साधी खूण सांगितली. फोडाशेजारच्या, वरून निरोगी दिसणाऱ्या त्वचेवर बोटाने किंचित दाब देऊन घासले, तर वरचा पापुद्रा सरकून येतो. म्हणजे बिघाड केवळ फोडाच्या जागी नसून चांगल्या दिसणाऱ्या त्वचेतही सांधे सैल झालेले असतात. कोणतेही यंत्र न लागणारी ही खूण आजही रुग्णाच्या खाटेशेजारी उपयोगी पडते.

७/ या आजारात माणूस दगावे तो कशाने? सोललेल्या त्वचेतून शरीरातील पाणी, क्षार आणि प्रथिने सतत झिरपत राहतात. उघड्या जखमांतून जंतू आत शिरतात व रक्तापर्यंत पोहोचतात. बहुसंख्य रुग्णांत तोंडाच्या आतही फोड येतात, त्यामुळे घास गिळवत नाही. भाजलेल्या माणसाची जी अवस्था होते तीच इथे, फक्त आग विझत नाही. त्या काळी आर्सेनिक आणि क्विनाइन अशी औषधे देऊन पाहिली जात. त्यांचा भरवसा नव्हता.

८/ आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. नांदेड जिल्ह्याचे ठिकाण. लातूर मात्र उस्मानाबाद जिल्ह्यातील बाजारपेठेचे गाव. १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या हैदराबाद-मनमाड मीटरगेज मार्गामुळे नांदेड राजधानीशी जोडले गेले. मुसी नदीच्या १९०८ च्या महापुरानंतर हैदराबादेत नदीकाठी उभारलेले उस्मानिया रुग्णालय १९२५ मध्ये पूर्ण झाले. नांदेडच्या गंभीर रुग्णासाठी मोठे सरकारी रुग्णालय ते तेच, पावणेतीनशे किलोमीटरांवर.

९/ लातूरची वाट वेगळी होती. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोहोचली. ती कुर्डुवाडीला मोठ्या रेल्वेशी मिळे. १९२७ मध्ये याच अरुंद रुळांचे दुसरे टोक मिरजेला भिडले. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासून चालू होते आणि त्याची कीर्ती दूरवर पसरलेली होती. अंगभर फोड असलेल्या माणसाने त्या संथ गाडीच्या बाकावर दिवस काढून तेथवर जायचे, असा तो प्रवास. आणि पोहोचल्यावरही या आजारावर औषध कोठेच नव्हते, लंडन-पॅरिसलाही नाही. अंतर हा त्या काळी प्रश्नाचा अर्धाच भाग होता.

१०/ १९४३ मध्ये पॅरिसचे आशिल सिव्हात यांनी दाखवून दिले की पेशींचे हे सुटणे पेम्फिगसमध्ये आढळते, पण त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या एका फोडांच्या आजारात आढळत नाही. म्हणजे रोगनिदानाला ठोस आधार मिळाला. १९४७ मध्ये आर्नो त्झांक यांनी ते आणखी सोपे केले. फोडाचा तळ अलगद खरवडायचा, ते द्रव्य काचपट्टीवर पसरायचे, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. सुटलेल्या, गोल झालेल्या पेशी दिसल्या की संशय बळावतो. अल्पखर्चाची ही तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणीही शक्य होती आणि आहे.

११/ त्यानंतर कॉर्टिसोन आले. १९४८-४९ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी ते संधिवाताच्या रुग्णांना दिले आणि खिळलेली माणसे चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइकस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास ही औषधे पेम्फिगसमध्ये दिली जाऊ लागली. फोड थांबले. असाध्य आजार आटोक्यात येऊ लागला. त्वचारोगांच्या इतिहासातील हे सर्वांत मोठे वळण म्हणावे लागेल.

१२/ पण या औषधाची किंमत शरीराला मोजावी लागे. पेम्फिगससाठी स्टेरॉइडचे डोस मोठे आणि कालावधी वर्षानुवर्षांचा. त्यातून मधुमेह, रक्तदाब, ठिसूळ हाडे, मोतीबिंदू आणि दबून राहिलेल्या क्षयरोगाने पुन्हा डोके वर काढणे. दुसरा धोका याच्या उलट दिशेचा. महिनोन्महिने गोळ्या घेतल्यावर शरीरातील अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे काम मंदावतात. अशा वेळी ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या एकाएकी बंद केल्या, तर जीवावर बेतू शकते. आजाराऐवजी उपचाराने माणसे दगावू लागली, आणि हा नवा प्रश्न वैद्यकापुढे उभा राहिला.

१३/ दरम्यान कारणाचा शोध चालू होता. १९५३ मध्ये बॉस्टनच्या वॉल्टर लीव्हर यांनी पेम्फिगसपासून ‘बुलस पेम्फिगॉइड’ हा आजार वेगळा काढला. त्यात पेशींमधले सांधे शाबूत असतात, फोड बाह्यत्वचेच्या खाली धरतो. १९६४ मध्ये बफेलो येथे अर्न्स्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तात त्वचेच्याच विरुद्ध काम करणारी प्रतिपिंडे शोधली. ती नेमकी पेशींच्या सांध्यांवर जाऊन बसत होती. जंतूंशी लढणारी यंत्रणा स्वतःच्याच त्वचेवर उलटली होती. या आजाराला शाप, संसर्ग किंवा अस्वच्छता यांचा आधार नाही, हे तेव्हा प्रयोगशाळेत सिद्ध झाले.

१४/ मात्र प्रतिपिंडे ही कारण की केवळ परिणाम? १९८२ मध्ये ग्रँट अनहाल्ट आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे नवजात उंदरांना टोचली. उंदरांच्या त्वचेवर तसेच फोड आले. उत्तर मिळाले. १९९१ मध्ये मासायुकी अमागाई, क्लाउस-कोव्हटुन आणि जॉन स्टॅन्ली यांनी प्रतिपिंडांचे लक्ष्य असलेल्या प्रथिनाचे जनुक हाती घेतले. ते डेस्मोसोममधील एक दुवा निघाले. आज त्याला डेस्मोग्लिन-३ म्हणतात. काझनाव्ह यांच्या उथळ प्रकारात लक्ष्य असते ते त्याचे भावंड, डेस्मोग्लिन-१.

१५/ यातून एक जुने कोडे सुटले. पेम्फिगस व्हल्गॅरिस या नेहमीच्या प्रकारात आजार बहुधा तोंडातून का सुरू होतो? त्वचेत दोन्ही दुवे पुरेसे असतात, एक निकामी झाला तरी दुसरा काही काळ भार पेलतो. तोंडाच्या अस्तरात मात्र मुख्य भिस्त डेस्मोग्लिन-३ वर. ते गेले की सांधा गेलाच. म्हणून अंगावर एकही फोड नसताना महिनोन्महिने तोंड सोललेले राहते. ज्या मुलखात रोजच्या जेवणात ज्वारीची भाकरी आणि ठेचा असतो, तिथे हे ‘तोंड आले’, ‘उष्णता झाली’ किंवा गुटख्याचा परिणाम म्हणून सोडून दिले जाते. निदान लांबते ते इथे.

१६/ आता भारताचे योगदान. १९६९ पासून मूत्रपिंड-रोपण झालेल्या रुग्णांना शरीराने नवे इंद्रिय नाकारू नये म्हणून स्टेरॉइडचा फार मोठा डोस थोड्या दिवसांपुरता शिरेतून देण्याची पद्धत रूढ होत होती. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ती कल्पना त्वचारोगांत आणली. औषध निवडले डेक्सामेथासोन, कारण ते स्वस्त होते. १९८४ मध्ये पसरिचा व गुप्ता यांनी पेम्फिगसवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. योगायोग असा की, १९८२ च्या ऑगस्टमध्ये उस्मानाबादमधून वेगळा होऊन लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला होता.

१७/ पद्धत अशी. १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन ग्लुकोजच्या बाटलीतून संथपणे, सलग तीन दिवस. त्यांपैकी एका दिवशी ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड. मग दर अठ्ठावीस दिवसांनी हेच पुन्हा. मधल्या दिवसांत सायक्लोफॉस्फामाइडची ५० मिलिग्रॅमची गोळी रोज. फोड पूर्ण थांबेपर्यंत पहिला टप्पा. त्यानंतर फोड नसतानाही नऊ आवर्तने हा दुसरा. मग नऊ महिने केवळ गोळी हा तिसरा. आणि अखेरीस औषधाविना नुसती देखरेख. रोज स्टेरॉइडच्या गोळ्या गिळण्याऐवजी महिन्यातून तीन दिवस रुग्णालय. देशभरातील त्वचारोग विभागांनी ही पद्धत उचलली.

१८/ तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. २००५ मध्ये जर्मनीत झालेल्या एका लहान तुलनात्मक चाचणीत ही पद्धत दुसऱ्या उपचारापेक्षा स्पष्टपणे सरस ठरली नाही. त्याहून नाजूक प्रश्न सायक्लोफॉस्फामाइडचा. या औषधाने स्त्रीची पाळी कायमची थांबू शकते, पुरुषातील शुक्रजंतू नाहीसे होऊ शकतात. पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्याने मध्यमवयात व उतारवयात दिसतो. भारतात तो तुलनेने तरुणांतही पुष्कळ आढळतो. ज्या समाजात मूल नसलेल्या बाईला घरातच जागा उरत नाही, तिथे जीव वाचवणारे औषध वेगळे संकट घेऊन येते. म्हणून ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांना सायक्लोफॉस्फामाइड वगळून उपचार देण्याची पर्यायी आखणी पसरिचांच्या परंपरेतच पुढे आली.

१९/ आणि इथे अंतराचा प्रश्न नव्याने उभा राहिला. पूर्वी रुग्णालय दूर असले तरी फरक पडत नव्हता, कारण औषधच नव्हते. आता औषध होते, पण ते दर अठ्ठावीस दिवसांनी, तीन दिवस भरती होऊन, वर्ष-दीड वर्ष आणि कधी त्याहून अधिक काळ घ्यायचे होते. नांदेडहून मुंबई रेल्वेने सहाशे किलोमीटरांच्या आसपास. सुगीच्या दिवसांत मजुरी बुडवून, सोबतीला घरचे एक माणूस घेऊन, ही फेरी किती वेळा करायची? एक आवर्तन चुकले की फोड परत येण्याची भीती. उपचार यशस्वी होणे आता प्रवासखर्चावर अवलंबून राहू लागले.

२०/ या दृष्टीने मराठवाड्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या स्थापनेची वर्षे वाचावीत : औरंगाबाद १९५६, अंबाजोगाई १९७० च्या दशकात, नांदेड १९८८, लातूर २००२. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. त्यामुळे हैदराबादशी असलेले नाते सैल झाले आणि नवे केंद्र उभे राहायला वेळ लागला. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय हे खेड्यापाड्यांसाठी काढलेले. अशा प्रत्येक महाविद्यालयाने लागणारी भरती रुग्णाच्या गावापासून एका एसटीच्या अंतरावर आणली. पेम्फिगससारख्या आजारात ते अंतर हाच उपचाराचा भाग असतो.

२१/ औषधाइतकीच शुश्रूषाही महत्त्वाची. सोललेल्या अंगाला चादर चिकटते. ती काढताना उरलीसुरली त्वचाही निघते. यावर आपल्याकडील रुग्णालयांनी वापरलेला उपाय म्हणजे केळीचे पान. गुळगुळीत, मेणचट, थंड, आणि जखमेला न चिकटणारे. मुंबईतील सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे व सहकाऱ्यांनी भाजलेल्या जखमांसाठी केळीच्या पानाच्या पट्टीचा पद्धतशीर अभ्यास करून तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरचा परिसर केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. ज्या पानावर आपण पंगतीला जेवतो, त्यावर अशा रुग्णाला चार तास झोप लागते.

२२/ शेवटचा टप्पा रितुक्सिमॅबचा. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या यंत्रणेतील बी-पेशींनाच लक्ष्य करणारे हे औषध मुळात रक्ताच्या कर्करोगासाठी आले. २०१७ मध्ये फ्रान्समधील पास्कल जोली व सहकाऱ्यांच्या चाचणीने पेम्फिगसमध्ये त्याचे यश स्पष्ट दाखवले आणि २०१८ मध्ये अमेरिकेने या आजारासाठी त्याला मान्यता दिली. मूळ औषध अतिशय महाग. त्याची जगातील पहिली जैवसमान आवृत्ती २००७ मध्ये भारतात बाजारात आली, आणि ती आणणारी डॉ. रेड्डीज ही कंपनी हैदराबादची. नांदेडचा रुग्ण ज्या शहराकडे कधीकाळी मीटरगेजने निघे, तिथूनच आता औषध उलट दिशेने येते. तरीही कमी झालेली किंमतसुद्धा शेतमजुराच्या घराला जड जाते. अठ्ठावीस दिवसांची जुनी आवर्तने म्हणूनच अद्याप कालबाह्य झालेली नाहीत.

२३/ काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पेम्फिगस स्पर्शाने पसरत नाही. रुग्णाचे ताट, अंथरूण वेगळे करण्याचे कारण नाही. जखमांना येणारा वास हा जंतूंचा असतो, माणसाच्या पापाचा नव्हे. तोंडातील जखमा तीन-चार आठवड्यांत भरल्या नाहीत, तर ‘उष्णता’ म्हणून थांबू नये, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत व स्वतःच्या मनाने बंद तर मुळीच करू नयेत.

२४/ १८८१ मध्ये आउस्पिट्झ यांनी वापरलेला शब्द एका सूक्ष्म सांध्याच्या सुटण्याविषयी होता. त्या सांध्याचा दुवा ओळखायला ११० वर्षे लागली. तेवढ्या काळात रुग्ण आणि रुग्णालय यांच्यातला सांधाही जुळत गेला : कधी रुळांनी, कधी महाविद्यालयाने, कधी कागदावर लिहून दिलेल्या पुढच्या तारखेने. आज नांदेडच्या विष्णुपुरीत किंवा लातुरात बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत अंगभर पातळ लुगडे पांघरून कुणी बसलेले दिसले, तर त्यांच्या हातातील कागदावर बहुधा अशीच एक तारीख असेल. ती चुकू नये एवढ्यासाठी घरच्यांनी, गावाने आणि शासनाने जे करता येईल ते करावे.

धागा समाप्त.